परग्रहावर हुशार जीव असतील का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात शनीची कडी बघून झाली की मागून कोणीतरी हमखास विचारतंच, तिकडे कोणी असेल का हो. अंधारात मागे रांग ताटकळत असताना याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून इथे नीट लिहून काढलंय. जे नक्की माहितीये ते तसं सांगितलंय आणि जिथे माझं मत आहे तिथे माझं मत असं म्हटलंय, पटलं नाही तर सोडून द्या.

थोडक्यात सांगा, एलियन आहेत की नाहीत?

पृथ्वीबाहेर एकाही सजीवाचा, अगदी साध्या जीवाणूचासुद्धा, पक्का पुरावा आजपर्यंत मिळालेला नाही. माझं मत विचाराल तर सूक्ष्मजीव बऱ्याच ठिकाणी असावेत, पण रेडिओ बांधणारे, आपल्याशी बोलू शकतील असे शेजारी आपल्या आकाशगंगेत फार थोडे असतील किंवा एकही नसेल. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि लोक ते कायम एकत्र कालवतात, त्यामुळे पुढे सगळीकडे "जीव" आणि "हुशार जीव" वेगवेगळे धरून वाचा.

पण एवढे तारे आहेत, मग कुठेतरी असणारच की!

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि खरं तर हा प्रश्न नसतोच, विचारणाऱ्याचं आधीच ठरलेलं असतं.

आपल्या एका आकाशगंगेत १०० ते ४०० अब्ज तारे आहेत आणि अशा आकाशगंगाही अब्जावधी आहेत, हे सगळं बरोबर. पण या मोठ्या आकड्याला तुम्ही कशाने तरी गुणणार ना? एका ग्रहावर हुशार जीव तयार होण्याची शक्यता समजा एक अब्जात एक असेल तर आपल्या आकाशगंगेतच शंभरएक ठिकाणी मंडळी असतील, आणि तीच शक्यता एकावर तीस शून्यं एवढ्यात एक असेल तर दिसणाऱ्या सगळ्या विश्वात आपल्याशिवाय कोणी नसेल. यातलं कुठलं खरं हे ताऱ्यांचा आकडा कितीही वेळा मोठ्याने म्हटला तरी कळत नाही.

बरं, आपल्याकडे उदाहरण एकच आहे, पृथ्वीचं. तेही निवडून आलेलं, कारण इथे कोणी तयार झालं नसतं तर हा प्रश्न विचारायला आपण नसतोच. ब्रँडन कार्टर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये हा मुद्दा नीट मांडलाय. आपण आहोत यावरून हे घडू शकतं एवढं कळतं, किती वेळा घडतं ते कळत नाही. एवढं पटलं तर बाकीचं पान नाही वाचलंत तरी चालेल.

ते ड्रेक समीकरण काय भानगड आहे?

१९६१ मध्ये अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँक वेधशाळेत या विषयावर एक छोटी बैठक भरली, दहाएक माणसं. तेव्हा या विषयावर बोलणं म्हणजे सहकाऱ्यांकडून चेष्टा करून घेणंच होतं. फ्रँक ड्रेक हा तरुण रेडिओ खगोलशास्त्रज्ञ बैठकीची तयारी करत होता, त्याने कशाकशावर बोलायचं याची यादी केली आणि त्या सगळ्या गोष्टी एकमेकांना गुणल्या की आकाशगंगेत आपल्याशी बोलू शकतील असे किती समाज आहेत याचं उत्तर येतं हे त्याच्या लक्षात आलं. म्हणजे प्रसिद्ध समीकरण हे मुळात मीटिंगचा अजेंडा आहे! त्याच बैठकीत असताना मेल्विन कॅल्विन यांना रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झाल्याची बातमी आली आणि शॅम्पेन फुटली. डॉल्फिनशी बोलायचा प्रयत्न करणारे जॉन लिली पण तिथे होते, त्यामुळे या मंडळींनी स्वतःच्या ग्रुपला डॉल्फिनचंच नाव देऊन टाकलं.

समीकरण असं: दरवर्षी आकाशगंगेत किती तारे जन्मतात, त्यातल्या किती जणांना ग्रह असतात, त्यातले किती ग्रह राहण्याजोगे, त्यातल्या कितींवर जीव सुरू होतो, त्यातल्या कितींवर तो हुशार होतो, त्यातले किती जण सिग्नल पाठवण्याएवढी टेक्नॉलॉजी बनवतात, आणि शेवटी असा समाज किती वर्षं टिकतो. सात आकडे, सगळे गुणायचे.

पहिले तीन आता बऱ्यापैकी माहीत झालेत, ही गेल्या तीस वर्षांतली खरी कमाई. उरलेले चार म्हणजे शुद्ध अंदाज. आणि गंमत इथेच आहे, लोक प्रत्येक जागी एकेक "मधला" आकडा टाकतात आणि उत्तर दहा हजार वगैरे आलं की खूश होतात. ऑक्सफर्डच्या सँडबर्ग, ड्रेक्सलर आणि ऑर्ड या तिघांनी २०१८ मध्ये एकेक आकडा न टाकता प्रत्येक जागी आपलं अज्ञान केवढं आहे तेच अख्खं समीकरणात घातलं, तर आकाशगंगेत आपण एकटेच असण्याची शक्यता ५३ ते ९९.६ टक्के निघाली आणि अख्ख्या दिसणाऱ्या विश्वात एकटे असण्याची ३९ ते ८५ टक्के. या आकड्यांवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका, पण "असणारच" म्हणणाऱ्यांनी एकदा बघावेत असे आहेत.

पृथ्वीसारखे ग्रह किती सापडलेत?

सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांना सापडला, ५१ पेगासी बी. गुरूच्या निम्म्या वजनाचा आणि ताऱ्याला इतका खेटून की त्याचं वर्ष साधारण सव्वाचार दिवसांचं. त्याबद्दल दोघांना २०१९ चं नोबेल मिळालं. २०२५ मध्ये अशा परताऱ्यांच्या ग्रहांची नोंद ६,००० च्या पुढे गेली. केप्लर या अवकाश दुर्बिणीने एकटीने २,६०० च्या वर ग्रह दिले आणि तिच्या माहितीवरून २०२० मध्ये काढलेला सावध अंदाज असा की आपल्या आकाशगंगेत सूर्यासारख्या ताऱ्यांभोवती राहण्याजोगे खडकाळ ग्रह किमान ३० कोटी तरी असावेत.

मात्र "राहण्याजोगा" या शब्दाला भुलू नका. त्याचा अर्थ फक्त एवढाच की ग्रह ताऱ्यापासून अशा अंतरावर आहे जिथे पाणी द्रवरूपात राहू शकेल. हवा आहे का, पाणी खरंच आहे का, काही माहीत नसतं. आपल्याला सगळ्यात जवळचा परग्रह प्रॉक्झिमा बी ४.२ प्रकाशवर्षांवर आहे, अंतर अगदी योग्य, पण त्याचा तारा लाल बुटका आणि तापट, सारखे भडके सोडतो. ट्रॅपिस्ट-१ ला तर सात खडकाळ ग्रह आहेत, ४० प्रकाशवर्षांवर, २०१७ मध्ये केवढा गाजावाजा झाला होता, पण जेम्स वेब दुर्बिणीने आतल्या दोघांकडे बघितलं तर तिथे जाड वातावरणाचा पत्ता नाही. बाहेरच्यांचं अजून बघणं चालू आहे.

के२-१८बी वर जीव सापडला अशी बातमी होती ना?

बातमी होती, जीव नव्हता. केंब्रिजचे निक्कू मधुसूदन (आपले भारतीय, म्हणून इकडे जरा जास्तच चालली) आणि त्यांच्या टीमने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की १२४ प्रकाशवर्षांवरच्या या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्यासारख्या वायूच्या खुणा दिसतात. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्म जीव सोडतात म्हणून एवढी खळबळ. पण खूण कच्ची होती, शास्त्रज्ञ शोध म्हणायला जेवढी खात्री मागतात त्याच्या बरीच अलीकडे. दुसऱ्या गटांनी तीच निरीक्षणं वेगळ्या पद्धतीने तपासली तर त्यांना ठोस काही दिसेना. शिवाय हाच वायू एका धूमकेतूवर पण सापडलाय आणि तिथे काही मासे पोहत नाहीत. २०२० मध्ये शुक्रावरच्या फॉस्फिन वायूचं असंच झालं होतं, वाद अजून मिटलेला नाही. अशी बातमी आली की सहा महिने थांबायचं, हा माझा नियम.

जीव तयार होणं सोपं की अवघड?

कच्चा माल तर सगळीकडे पडलाय. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या उल्कापाषाणात सत्तरच्या वर अमिनो आम्लं मिळाली. बेन्नू लघुग्रहावरून नासाने २०२३ मध्ये माती आणली, त्यात आपल्या शरीरात लागणाऱ्या वीसपैकी चौदा अमिनो आम्लं आणि डीएनए-आरएनएची पाचही अक्षरं म्हणजे न्यूक्लिओबेस सापडले. पण कच्च्या मालापासून स्वतःची नक्कल करणारी पेशी कशी झाली, ते आजवर कुठल्याही प्रयोगशाळेत कोणाला करून दाखवता आलेलं नाही.

जीव सोपा असावा असं वाटायचं मुख्य कारण म्हणजे तो पृथ्वीवर लवकर आला. पृथ्वीचं वय ४.५४ अब्ज वर्षं, आणि ऑस्ट्रेलियात पिलबारा भागात साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीचे सूक्ष्मजीवांचे थर खडकात दिसतात. आणि एकदा आला की तो चिवट असतो. आपल्या लोणारचंच बघा, बुलढाणा जिल्ह्यात बेसॉल्टमध्ये म्हणजे ज्वालामुखीच्या काळ्या खडकात उल्का आदळून झालेलं विवर, आत खारट आणि साबणासारखं अल्कधर्मी पाणी, तरी त्यात सूक्ष्मजीव मजेत आहेत. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं तेव्हा काय काय अफवा उठल्या होत्या, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तर मीठ आवडणाऱ्या हॅलोआर्किया जातीच्या सूक्ष्मजीवांचा तो रंग निघाला. मंगळाचा पृष्ठभागही बेसॉल्टचाच, त्यामुळे मंगळवाले शास्त्रज्ञ लोणारकडे लक्ष ठेवून असतात.

जीव आला की उत्क्रांतीने हुशारी येणारच ना?

इथे माझं बहुतेक लोकांशी जमत नाही. आपल्या डोक्यात उत्क्रांतीची एक शिडी असते, खाली अमिबा आणि वरच्या पायरीवर आपण, आणि वेळ दिला की प्रत्येक ग्रह चढत चढत वर येणार. पृथ्वीचा इतिहास तसं काही सांगत नाही.

जीव लवकर आला, पण मग पुढची दीडएक अब्ज वर्षं फक्त जीवाणू आणि त्यांचे भाऊबंद. मग साधारण दोन अब्ज वर्षांपूर्वी एका पेशीने दुसरीला गिळलं, गिळलेली पचली नाही, आतच राहून तिचं मायटोकॉन्ड्रिया झालं, आणि त्यातून केंद्रक असलेली मोठी पेशी आली. झाडं, बुरशी, किडे, आपण, सगळे त्या एका घटनेचे वंशज. आपल्याला माहीत आहे तिथवर ही घटना एकदाच यशस्वी झाली. डोळे अनेकदा वेगवेगळे तयार झाले, पंख कीटकांना, पक्ष्यांना, वटवाघळांना वेगवेगळे आले, पण ही उडी एकदाच. त्यानंतरसुद्धा प्राणी यायला अजून अब्जाहून जास्त वर्षं गेली.

डायनोसॉर सोळा कोटी वर्षांहून जास्त इथे नांदले आणि त्यातल्या एकानेही दुर्बीण केली नाही, करायची गरजच काय होती? ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो लघुग्रह आला नसता तर बहुतेक अजून तेच असते. हुशारी म्हणाल तर ऑक्टोपस बरणीचं झाकण उघडतो, कावळे हत्यार बनवतात, डॉल्फिन एकमेकांना हाका मारतात, म्हणजे हुशारी वेगवेगळ्या फांद्यांवर आलीये हे खरं. पण ऑक्टोपस एक-दोन वर्षांत मरतो, पिल्लांना काही शिकवत नाही आणि पाण्याखाली विस्तव पेटत नाही, मग धातू वितळवायचा कुठून. आपली जात जेमतेम तीन लाख वर्षांची, आणि रेडिओ लहरी आपण वापरतोय त्याला सव्वाशे वर्षं.

आणि वेळही मोकाट नाहीये. सूर्य हळूहळू तापतोय, साधारण एक अब्ज वर्षांत पृथ्वीवरचे समुद्र टिकणार नाहीत असा अंदाज आहे. म्हणजे आपण तसे शेवटच्या गाडीनेच पोचलो, ज्या ग्रहांवर हीच कामं थोडी सावकाश झाली तिथे हुशार कोणी यायच्या आधीच सगळं आटपलं असेल.

मग फर्मीचा विरोधाभास म्हणजे काय?

१९५० मध्ये अमेरिकेत लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत एन्रिको फर्मी, एडवर्ड टेलर वगैरे भौतिकशास्त्रज्ञ मंडळी जेवायला चालली होती, वाटेत उडत्या तबकड्यांचा विषय निघाला, मग दुसरंच काहीतरी चालू असताना फर्मी जेवणाच्या टेबलवर मध्येच म्हणाले, अरे पण सगळे आहेत कुठे?

त्यामागचं गणित तुम्हीपण करू शकता. नासाचं व्हॉयेजर-१ यान सेकंदाला १७ किलोमीटरने चाललंय. या गोगलगायीच्या गतीने एक लाख प्रकाशवर्षं रुंदीची आकाशगंगा पार करायला पावणेदोन अब्ज वर्षं लागतील. ऐकायला भयंकर वाटतं पण आकाशगंगेचं वय याच्या सात-आठ पट आहे. म्हणजे कोणी एकाने जरी आपल्याआधी दोन-तीन अब्ज वर्षं सुरुवात केली असती आणि नेटाने यानं पाठवत राहिला असता तर एव्हाना इथे त्यांचं काहीतरी भंगार तरी दिसायला हवं होतं.

उत्तरं शेकड्याने आहेत. ते लपून आहेत, झोपलेत, आपल्याला प्राणिसंग्रहालयासारखं लांबून बघतायत वगैरे. मला ही सगळी जरा ओढूनताणून वाटतात कारण त्यात प्रत्येक समाजाने, प्रत्येकाने, कायम तसंच वागावं लागतं, आणि आपल्याकडे एका सोसायटीतल्या वीस फ्लॅटचं पार्किंगवर एकमत होत नाही. अर्थतज्ज्ञ रॉबिन हॅन्सन यांचं म्हणणं असं की मेलेल्या रसायनापासून तारे पादाक्रांत करण्यापर्यंतच्या वाटेत कुठेतरी एक जबरदस्त अडथळा असला पाहिजे, "ग्रेट फिल्टर". तो मागे असेल, म्हणजे ती पेशीची उडी वगैरे, तर आपण सुटलो. पुढे असेल तर कठीण आहे. मंगळावर साधे जीवाणू सापडले तर मला आनंद होईलच, पण या हिशेबाने ती थोडी वाईट बातमी पण असेल कारण मग सुरुवात सोपी होती आणि अडथळा पुढे असण्याची शक्यता वाढली.

सिग्नल शोधतात म्हणजे नक्की काय करतात?

सुरुवात ड्रेकनेच केली, १९६०, प्रोजेक्ट ओझ्मा. ग्रीन बँकच्या २६ मीटरच्या डिशने टाउ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन जवळच्या ताऱ्यांकडे १४२० मेगाहर्ट्झवर कान लावला. हीच फ्रिक्वेन्सी का, तर हायड्रोजन आपोआप या फ्रिक्वेन्सीवर बोलतो, आणि हायड्रोजन सगळीकडे आहे, म्हणजे कुठल्याही खगोलशास्त्रज्ञाला ही जागा माहीत असणारच. मध्येच जोरदार सिग्नल आला, धावपळ झाली, तो विमानाचा निघाला.

आजही मूळ पद्धत तीच. निसर्ग पसरट आवाज करतो, अगदी बारीक एकाच फ्रिक्वेन्सीचा सूर सहसा यंत्रच काढतं. मग दुर्बीण ताऱ्यावर ठेवायची, थोड्या वेळाने बाजूला वळवायची, परत आणायची. बाजूला वळवल्यावरही सूर चालूच असेल तर तो आपल्याच पृथ्वीवरचा. ९९.९९ टक्के वेळा तोच असतो. ऑस्ट्रेलियाच्या पार्क्स दुर्बिणीला १९९८ पासून अधूनमधून काही विचित्र झटके दिसायचे, कोणाला उलगडेना, शेवटी २०१५ मध्ये गुन्हेगार सापडला: वेधशाळेच्या किचनमधला मायक्रोवेव्ह. कोणी घाईघाईत तो बंद व्हायच्या आधीच दार उघडलं की त्या क्षणी लहरी बाहेर पडायच्या. याच दुर्बिणीला २०१९ मध्ये प्रॉक्झिमाच्या दिशेने एक सूर मिळाला होता, त्याचा पेपरात बोभाटा झाला, २०२१ मध्ये तोही आपलाच निघाला.

साठ वर्षं शोधून काही नाही मिळालं म्हणजे कोणी नाहीच का? तेही नाही. जिल टार्टर या सेटीतल्या (परग्रहावरच्या हुशार जीवांच्या शोधाला सेटी म्हणतात) मोठ्या शास्त्रज्ञ म्हणायच्या की आपण आत्तापर्यंत समुद्रातून एक ग्लास पाणी काढून बघितलंय, त्यात मासा नाही म्हणून समुद्रात मासा नाही म्हणायचं का. २०१८ मध्ये कोणीतरी हिशेब पुन्हा मांडला, ग्लासाचा आता हॉट टब झालाय, ७,७०० लिटर वगैरे. समुद्र तेवढाच आहे.

वॉव सिग्नल एलियनचा होता का?

१५ ऑगस्ट १९७७, ओहायोची बिग इअर दुर्बीण, ७२ सेकंद, १४२० मेगाहर्ट्झच्या जवळ, आजूबाजूच्या खरखरीच्या तीसपट जोर. काही दिवसांनी जेरी एहमन प्रिंटआउट चाळत होते, त्यांनी सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या सहा अक्षर-आकड्यांभोवती लाल पेनाने गोल केला आणि बाजूला "वॉव" लिहिलं. ७२ सेकंदच का, कारण दुर्बीण जमिनीवर पक्की होती आणि पृथ्वी फिरते तसा आकाशातला एक बिंदू तिच्यासमोरून तेवढ्याच वेळात सरकतो. म्हणजे स्रोत आकाशातला असावा असं वाटतं खरं. पण त्या दुर्बिणीला लहरी पकडणारे दोन कर्णे होते, पाठोपाठ दोघांनाही तो दिसायला हवा होता, एकालाच दिसला, आणि नंतर कितीतरी वेळा बघूनही पुन्हा आला नाही. हायड्रोजनचा ढग अचानक उजळला असेल अशी एक कल्पना २०२४ मध्ये मांडली गेलीये. जे परत तपासता येत नाही त्यावर मी पैज लावत नाही. ती दुर्बीण १९९८ मध्ये पाडली, गोल्फ कोर्स वाढवायचा होता.

आपल्या नारायणगावच्या दुर्बिणीतून एलियन शोधतात का?

जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण खोडदला आहे, नारायणगावजवळ, जुन्नर तालुका. ४५ मीटरच्या ३० डिश, गोविंद स्वरूप यांनी उभी केली. तिचं मुख्य काम पल्सार (ठरावीक ठोक्यांनी रेडिओ लहरी सोडणारे मेलेले तारे), दूरच्या आकाशगंगा, हायड्रोजनचे ढग हे आहे, एलियन नाही. पण तिचे कान किती तिखट आहेत ते ऐका: ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचं शियापारेली यान मंगळावर उतरत होतं, त्याचा काही वॅटचा क्षीण सिग्नल थेट खोडदला ऐकू येत होता, आणि जमिनीला टेकायच्या जरा आधी तो तुटला तेही आधी इथेच कळलं. यान आदळून फुटलं होतं.

नारळीकर सरांनी बलूनमधून परग्रहावरचे जीवाणू आणले होते ना?

जीवाणू आणले होते, ते "परग्रहावरचे" हे मात्र सिद्ध झालं नाही. फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंगे या खगोलशास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की जीव धूमकेतूंबरोबर अवकाशातून येतो. ते नुसतं वाद घालण्यापेक्षा तपासून बघू म्हणून जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने २००१ मध्ये हैदराबादहून बलून सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली, पुन्हा २००५ मध्ये. दुसऱ्या खेपेत तीन नव्या जाती मिळाल्या, २००९ मध्ये जाहीर झाल्या, एकीला हॉइलचं नाव, एकीला इस्रोचं आणि एकीला आर्यभटाचं. अतिनील किरणांना त्या चांगल्याच दाद देत नव्हत्या. पण त्या वरून खाली आल्या की इथूनच वर गेल्या हे यातून सिद्ध होत नाही, हे इस्रोने तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं. अवघड प्रश्नाला असा हात घालणं मला फार आवडतं, निकाल काहीही लागो.

यूएफओ? नासा लपवतंय का?

नासाच्या समितीने २०२३ मध्ये आणि पेंटागॉनच्या ऑफिसने २०२४ मध्ये अहवाल दिले, परग्रहवासीयांचा पुरावा नाही. ते खोटं बोलतात असं म्हणणाऱ्यांना काय सांगणार, पण चीन, रशिया, भारत आणि जगभरचे हौशी आकाशनिरीक्षक सगळे मिळून एक गुपित सत्तर वर्षं सांभाळतायत हे मला जमण्यासारखं वाटत नाही.

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ आठवते का? विदर्भात आकाशातून जळते ठिपके रांगेने गेले, व्हॉट्सॲपवर एलियनच एलियन. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात तीनएक मीटर व्यासाची धातूची भलीमोठी रिंग पडली, आजूबाजूला गोळेही मिळाले. तो चिनी रॉकेटचा तुकडा असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं. मला विचाराल तर डोक्यावर कोणाच्या पडली नाही हे जास्त महत्त्वाचं. आणि रात्री एका ओळीत जाणारे दिवे दिसले तर ते स्टारलिंकचे उपग्रह.

ओमुआमुआ आणि ३आय ॲटलस ही यानं होती का?

नाही. हार्वर्डचे एवी लोब तसं सुचवत असतात, बाकी जवळपास सगळे या दोन्हींना दुसऱ्या ताऱ्याकडून आलेले खडक-धूमकेतू मानतात.

आपल्या पुराणात विमानं होती त्याचं काय?

गोष्ट म्हणून मस्त. विमानांच्या ज्या संस्कृत ग्रंथाचा दाखला देतात तो बंगळूरच्या आयआयएस्सीच्या लोकांनी १९७४ मध्ये तपासला, तो विसाव्या शतकात रचलेला आणि त्यातली विमानं उडूच शकत नाहीत असा निष्कर्ष निघाला.

आपण त्यांना काही पाठवलंय का?

१९७४ मध्ये अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून एम१३ या तारकागुच्छाकडे १,६७९ बिट्सचं चित्र पाठवलं, पोचायला साधारण २५,००० वर्षं, उत्तर यायला तेवढीच. आणि १९७७ च्या दोन्ही व्हॉयेजरवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. त्यात पंचावन्न भाषांतल्या शुभेच्छांमध्ये मराठी पण आहे, "नमस्कार" पासून सुरुवात. आणि संगीतात बाख, बीथोवनच्या बरोबरीने गोव्यातल्या केरीच्या सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी. हिंदुस्थानी संगीताचं एकच रेकॉर्डिंग गेलं आणि ते केसरबाईंचं, ज्या स्वतः रेकॉर्डिंगच्या बाबतीत एवढ्या चोखंदळ होत्या. जवळपास पन्नास वर्षं धावून व्हॉयेजर-१ आता एक प्रकाश-दिवस एवढ्या अंतराला पोचतंय, सगळ्यात जवळचा तारा ४.२ प्रकाशवर्षं, तेव्हा ती भैरवी कोणी ऐकेल याची आशा धरू नका.

मुद्दाम जोरात सिग्नल पाठवावेत का यावर भांडणं आहेत. स्टीफन हॉकिंग २०१० मध्ये नको म्हणाले होते. मला वाटतं हा निर्णय एखाद्या छोट्या गटाने सगळ्या पृथ्वीच्या नावाने घेऊ नये एवढं तरी मान्य व्हावं.

खरा सिग्नल आला तर आपल्याला सांगतील का?

१९८९ पासून शास्त्रज्ञांनी आपापसात नियम ठरवलेत, आधी दुसऱ्या वेधशाळांकडून खात्री करायची, मग सगळ्यांना जाहीर करायचं, आणि आंतरराष्ट्रीय चर्चेशिवाय उत्तर द्यायचं नाही. कायद्याचं बंधन नाही. पण खात्री करायला दुसऱ्या देशातल्या दुर्बिणी लागतातच, त्यामुळे बातमी दोन दिवस पण दबून राहणार नाही.

मग नक्की कधी कळेल?

हुशार जीवांचं सांगता येत नाही, उद्या कळेल किंवा कधीच नाही. साध्या जीवांचं मात्र आपल्या हयातीत कळू शकतं. पर्सिव्हिअरन्स रोव्हरला २०२४ मध्ये मंगळावर चेयावा फॉल्स नावाच्या खडकावर बिबट्यासारखे ठिपके दिसले, पृथ्वीवर असे ठिपके बरेचदा सूक्ष्मजीवांमुळे होतात, पण जीव नसतानाही होऊ शकतात. नमुना नळीत भरून ठेवलाय, इथे आणायची योजना पैशांत अडकलीये. गुरूचा चंद्र युरोपा बघायला युरोपा क्लिपर यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालं, २०३० मध्ये गुरूला पोचेल. युरोपावर किंवा शनीचा चंद्र एन्सेलाडस याच्या बर्फाखालच्या समुद्रात आपल्यापासून पूर्ण वेगळा सुरू झालेला जीव मिळाला, तर आपल्याकडे एकाच्या जागी दोन उदाहरणं होतील, आणि ड्रेकच्या चौथ्या आकड्याबद्दल पहिल्यांदा काहीतरी ठाम बोलता येईल.

मला घरबसल्या यात काही करता येईल का?

हो. झूनिव्हर्स या वेबसाइटवर प्लॅनेट हंटर्स नावाचा प्रकल्प आहे, ताऱ्यांच्या उजेडाचे आलेख बघून ग्रह समोरून गेल्यावर पडणारे खड्डे शोधायचे, फोनवरही जमतं. ज्या "टॅबीच्या ताऱ्या"भोवती एलियनचं बांधकाम असेल अशी चर्चा झाली (धूळ निघाली) तो अशाच हौशी लोकांनी हेरला होता. घरच्या कॉम्प्युटरवर सिग्नल तपासायला देणारा सेटीॲटहोम मात्र आता विसरा, त्यांनी २०२० मध्ये नवीन काम वाटणं बंद केलं. आणि पुणे-नाशिककडचे असाल तर २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला जीएमआरटी लोकांसाठी खुली असते, शाळांची प्रदर्शनं असतात, गर्दी असते, मुलांना घेऊन सकाळी लवकर जा आणि फोन बंद ठेवा.